हिंमतरावांचं एका शब्दाचं इंग्रजी

हिंमतरावांचं इंग्रजी एका शब्दाचं होतं, आणि त्या एका शब्दावर त्यांनी तीस वर्षं संसार ओढला होता. तुम्ही म्हणाल, एका शब्दात काय भागतंय? भागतंय की. शब्द तसा दमदार पाहिजे. हिंमतरावांचा शब्द होता ॲडजस्ट.

ऐन जेवणाच्या वेळी चार माणसं वाढली की ते स्वयंपाकघरात तोंड घालून म्हणायचे, "सारजे, आमटी ॲडजस्ट कर." म्हणजे तांब्याभर पाणी ओत. टेलरनं शर्ट घट्ट शिवला तर "ऱ्हाऊ दे, ॲडजस्ट होतंय." म्हणजे पोट आत घ्यायचं आणि दिवसभर श्वास जपून सोडायचा. एसटीत तिघांच्या बाकावर चौथं बूड टेकवायचं तर तोच शब्द. एका तिथीला दोन लग्नं आली तर एकीकडं अक्षता टाकायच्या, दुसरीकडं जेवायचं, हेही ॲडजस्ट. शेजाऱ्याचा बांध हातभर अलीकडं सरकला, तेव्हाही हिंमतराव बांधावर उभे राहून हेच म्हणाले होते. त्या वेळी मात्र सारजाबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

थोडक्यात, हिंमतरावांनी कुणाला नाही म्हटल्याचं भूम तालुक्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. या गोष्टीचा त्यांना भारी अभिमान. पारावर बसले की सांगायचे, "न्हाय म्हनायला काय, कुनीबी म्हनतंय. व्हय म्हनून निभावायला अक्कल लागती."

त्यांची एकुलती एक लेक वैष्णवी धाराशिवच्या कोर्टात स्टेनो होती. समोरचा माणूस बोलेल ते अक्षर न् अक्षर उतरवायचं, हे तिचं काम. तिला वडिलांच्या बोलण्याचा फार ताप व्हायचा. ती म्हणायची, "अण्णा, तुमची साक्ष उतरवायची वेळ आली तर मी राजीनामा देईन. तासभर बोलता, पण हो का नाही ते काही निघत नाही."

तर या वैष्णवीचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा शिवराज, शेतकीची पदवी घेतलेला, घरी बारा म्हशींचा गोठा. गाव सोनारीच्या रस्त्यालाच, दोन कोस अलीकडं. मुलानं मुलगी बघितली, मुलीनं मुलगा बघितला, दोघं फोनवर बोलायला लागली आणि दोघांनाही बोलणं पुरेनासं झालं. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर, आणि ती म्हणजे वैष्णवीची नोकरी. दोन वर्षं धाराशिवला भाड्याच्या खोलीत एका वेळचा डबा खाऊन अभ्यास केला, तेव्हा कुठं ती मिळाली होती. ती सोडायची असेल तर तिला लग्नच नको होतं.

शिवराजची ना नव्हती. पण तो म्हणाला, "घरी हा विषय तुझ्या अण्णांनीच काढला पाहिजे. मी काढला तर आई म्हणेल, लग्नाआधीच बायकोचा झाला."

आता रविवारी हिंमतराव माणसं घेऊन मुलाचं घर बघायला जाणार होते. आदल्या दिवशी वैष्णवीनं त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'लग्नानंतर वैष्णवी धाराशिवची नोकरी सोडणार नाही. हे तुम्हाला मान्य आहे का? हो किंवा नाही सांगावे.'

"नुसतं वाचून दाखवायचं. पदरचं काही घालायचं नाही. आणि तो तुमचा शब्द तर अजिबात नाही."

"आगं, करतो की ॲड..."

वैष्णवीनं नुसतं बघितलं. हिंमतरावांनी उरलेला अर्धा शब्द गिळला आणि चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

काम केवढं? सात माणसं न्यायची, घर बघायचं, चिठ्ठी वाचायची, परत यायचं. शाळेतल्या पोरालाही जमलं असतं. पण ते हिंमतरावांकडं होतं.

रविवारी सकाळी महारुद्राची काळीपिवळी जीप दारात आली. एरवी ती भूम-परांडा रस्त्यावर शिटा भरायची, आज स्पेशल ठरवलेली. हिंमतराव, सारजाबाई आणि भावकीतले पाच जण बसणार, एवढ्यात दोन चुलतभाऊ धुतलेल्या टोप्या घालून हजर झाले. "आमाला सांगितलं न्हाय, पर म्हनलं पोरगी आपलीच हाय."

"बसा की," हिंमतराव म्हणाले, "ॲडजस्ट होतंय."

नऊ जण झाले आणि दार लागेना. हिंमतराव बायकोच्या कानाशी गेले. "सारजे, आज तू जरा ॲडजस्ट कर. ऱ्हा घरी."

सारजाबाई नवी साडी नेसून, डोक्यात गजरा माळून तयार होत्या. त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्सं त्येच करतीय की म्या." एवढं बोलून त्या घरात गेल्या. हिंमतरावांना जरा कसंसंच झालं, पण जीपमधून हाका सुरू झाल्या होत्या.

सारजाबाई उतरल्या तसे आठ राहिले. आणि भावकीतले थोरले तात्या गरजले, "आरं, शुभकार्याला सम आकड्यानं जात्यात व्हय?" झालं. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेल्या शेजाऱ्याला तोंड धुऊ देऊन तसंच आत घेतलं. पुन्हा नऊ. म्हणजे सारजाबाई उतरल्या त्या उगीचच, हे हिंमतरावांच्या लक्षात आलं तेव्हा जीप वेशीबाहेर पडली होती.

भूमच्या पुढच्या फाट्यावर एक म्हातारं जोडपं एसटीची वाट बघत उभं होतं. धुळाप्पा आणि नागूबाई, मेंढरं राखणारी माणसं. त्यांना सोनारीला काळभैरवाच्या पाया पडून तिथल्याच लेकीकडं जायचं होतं. सोबत एक काळी कुळकुळीत पाट, म्हणजे वर्षाची शेळी, लेकीला द्यायला. जीप स्पेशल असली तरी महारुद्राचा पाय सवयीचा गुलाम. रस्त्याकडंला हात दिसला की तो आपोआप ब्रेकवर जायचा.

धुळाप्पानं हात जोडले. "दादा, दोन तास झालं, गाडी न्हाय."

हिंमतरावांनी काय म्हटलं असेल, ते तुम्हीच सांगा.

नागूबाईला पुढं, महारुद्र आणि तात्यांच्या मधे, गिअरच्या दांड्यावर बसवलं. धुळाप्पा मागं दांडीला धरून उभा. "पाट तेवढी मांडीवर घ्या दादा, लई गरीब हाय," असं म्हणत त्यानं शेळी हिंमतरावांच्या मांडीवर दिली. आता अकरा.

पुढं तीन बायका मिळाल्या. रविवारचा उपास, पायी सोनारीला चाललेल्या, ऊन चढलेलं. चौदा. "सम," तात्या पुढून ओरडले. म्हणून चहाच्या हॉटेलापुढं जीप थांबवून बाकड्यावर बसलेल्या एका माणसाला विचारलं, येता का? तो कुठं, कशाला, काहीच न विचारता आत शिरला. असल्या माणसांची आपल्याकडं कमी नाही. पंधरा झाले. शेळी धरली तर सोळा होतात, अशी एकानं शंका काढली, पण जनावर मोजत नाहीत असा तात्यांनी निकाल दिला.

बेत असा होता की पाव्हण्यांना मुलाच्या दारात सोडायचं आणि महारुद्रानं बाकीच्यांना सोनारीला पोचवून यायचं. जीप बरोबर शिवराजच्या दारात गेली, आणि तिथं मागच्या चाकानं प्राण सोडला. स्टेपनी बघितली तर तीही बसलेली. महारुद्र दोन्ही चाकं घेऊन कुणाच्या तरी गाडीवर पंक्चर काढायला निघून गेला.

आमच्याकडं रीत अशी, की दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा, मग जेवण, आणि तू कोण हे जमलंच तर जाताना विचारायचं. शिवराजचे वडील बलभीमराव म्हणजे मिशीला पीळ आणि रागाला घाई, पण पाहुणचाराला एक नंबरचा माणूस. जीपमधून पंधरा माणसं उतरलेली बघून त्यांची छाती भरून आली. "गोतावळा मोठा हाय पाव्हण्यांचा. या, या." धुळाप्पाच्या पायावर त्यांनी स्वतः तांब्या रिता केला. धुळाप्पा गोंधळून पाय मागं घेत होता, बलभीमराव तो पुढं ओढत होते.

"ही थोरली मंडळी कोन म्हनायची?" त्यांनी विचारलं.

हिंमतरावांनी तोंड उघडलं. आमचे कुणी न्हाईत, एवढं म्हणायचं होतं. पण धुळाप्पाच्या ओल्या पायाकडं त्यांचं लक्ष गेलं आणि जीभ वळेना. "आमच्या... सोबतच हायत," ते म्हणाले.

"म्हंजी पोरीच्या आत्या आन् मामा," बलभीमरावांनी परस्पर ठरवून टाकलं.

"आन् ही?" शिवराजच्या आईनं शेळीकडं बोट दाखवलं.

"आता तीबी सोबतच," हिंमतराव म्हणाले.

"बघायला येतानाच आहेराला जनावर घेऊन आली मानसं," असं कौतुक करत त्या माउलीनं शेळीला हळद-कुंकू लावलं आणि गड्याकडून ती गोठ्यात नेऊन बांधली.

स्वयंपाक अकरा माणसांचा होता. आत धावपळ उडाली. आमटीत पाणी पडल्याचा आवाज हिंमतरावांना ओसरीवर ऐकू आला, आणि तो आवाज त्यांना चांगलाच ओळखीचा होता. उपासाच्या तीन बायकांसाठी वेगळा शाबू भिजायला टाकला. हॉटेलातल्या माणसानं तेवढ्यात विहीर बघून घेतली, म्हशींचे दात तपासले आणि बलभीमरावांना ऐकवलं, "गोठ्याला उतार कमी दिलाय तुमी." बलभीमराव वरमले. मुलीकडचा कोणी जाणता माणूस दिसतो, असं समजून त्यांनी त्याला दोन पोळ्या जास्त वाढायला लावल्या.

जेवणं झाली. सुपारी कातरली गेली. सगळे ओसरीवर बसले, बायका दाराशी. शिवराज खांबाला टेकून उभा होता आणि हिंमतरावांकडं आशेनं बघत होता. हिंमतरावांनी घसा खाकरून वरच्या खिशात हात घातला. खिशात ओलसर काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर चघळलेल्या कागदाचा एवढासा गोळा. लई गरीब पाटीनं वाटेत मांडीवर बसल्या बसल्या चिठ्ठीचा फराळ केला होता.

शब्द पाठ होते, पण ते कागदावरून वाचणं वेगळं आणि पंधरा माणसांत स्वतःच्या तोंडानं म्हणणं वेगळं.

तेवढ्यात शिवराजच्या आईनंच विषय काढला. बाई वाईट नव्हती. गोड आवाजात म्हणाली, "पोरगी लई गुणाची हाय. तेवढी नोकरी म्हंजी... हितनं धाराशिव काय जवळ हाय का? घर हाय, बारा म्हशी हायत. तिला जरा ॲडजस्ट करावं लागंल."

हिंमतरावांचाच शब्द, त्यांच्याच पुढ्यात. सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. तीस वर्षांची सवय, तोंड उघडलंसुद्धा. पण आवाज निघेना. त्यांना आठवलं, वैष्णवी दहावीत असताना घरात पाहुणे उतरले की तिनं पुस्तकं घेऊन चुलीपाशी बसायचं. तिची सायकल त्यांनी पुतण्याला दिली होती आणि ती वर्षभर चालत शाळेला गेली होती. दर वेळी ते तिला हाच शब्द म्हणाले होते. आणि सकाळी गजरा माळलेली सारजा. आपण दिलदार म्हणून गावभर मिरवलो ते या दोघींच्या जिवावर, हे त्या ओसरीवर त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ॲडजस्ट म्हंजी काय, म्या सांगू का?" दाराशी बसलेली नागूबाई बोलली. गुडघा चोळत होती. "म्या आज सकाळच्यानं ॲडजस्टच हाय. गिअरचा दांडा ह्या गुडघ्यात. डायवरनं दांडा हलवला की म्या बोंबलायचं. आन् मागनं समदी म्हनायची, मावशे, ॲडजस्ट कर. कोन म्हनायचं? ज्येला बसाया जागा व्हती त्यो म्हनायचा. दांड्यावर बसलेली म्या एकलीच, म्या न्हाय कुनाला म्हनलं." तिनं शिवराजच्या आईकडं बघितलं. "पोरगी नोकरीची हाय म्हनता. मग तिची नोकरी ऱ्हानार का जानार? व्हय का न्हाय सांगा की सरळ."

वैष्णवीच्या चिठ्ठीतलंच वाक्य. म्हातारीला वाचता येत नव्हतं, आणि चिठ्ठी तर शेळीच्या पोटात.

शिवराज खांब सोडून पुढं आला. "राहणार. धाराशिवला खोली बघू, मी जाऊन-येऊन गोठा करीन."

"आन् सकाळचं दूध?" आई म्हणाली.

"दुधाचं ॲडज..." शिवराजनं नागूबाईकडं बघून वाक्य बदललं. "दुधाचं मी बघतो."

बलभीमरावांची मिशी हलली. पण आत्याबाईंचा मान मोठा. "आत्याच बोलल्या म्हनल्यावर इचार करावा लागंल," असं म्हणून त्यांनी मानपानाला घेतलं. टोपी-टॉवेलाचे जोड सातच आणले होते. हिंमतरावांनी आपला जोड हॉटेलातल्या माणसाला सोडला, हे सांगायला नकोच. वयानं थोरला म्हणून पहिला मान धुळाप्पाचा. बलभीमरावांनी वाकून त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

धुळाप्पानं ती काढून हातात दिली. "टोपी ऱ्हाऊ द्या मालक. माझी पाट तेवढी सोडा. लेकीकडं न्यायची हाय."

"कुनाची पाट?"

"माझी की. आमी ह्येंच्या जीपात बसून आलो. सोनारीला निघालोय."

ओसरीवर सुपारी चघळायची थांबली. मग एकेक बाहेर पडायला लागलं. उपासाच्या बायका म्हणाल्या, आमी आपल्या रस्त्यानं चाललो व्हतो. हॉटेलातला माणूस म्हणाला, मला वाटलं पंगत हाय.

बलभीमराव लालबुंद झाले. "म्हंजी आत्या न्हाय, मामा न्हाय! मग माझ्या घरात, माझ्या सुनंच्या नोकरीवर बोललं कोन? रस्त्यावरचं मानूस? हिंमतराव, ही चेष्टा हाय का? आता त्यो इषय मिटला. पोरीनं नोकरी सोडायची. बोला, करायचं ना ॲडजस्ट?"

एक 'व्हय' म्हटलं की सगळं मिटत होतं. तात्या मागून सदरा ओढत होते. लग्न तुटलं तर गावात तोंड काय दाखवायचं, आणि वैष्णवीला काय सांगायचं? हिंमतराव उठून उभे राहिले.

"न्हाय," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता की बलभीमरावांनी विचारलं, "काय?"

"न्हाय म्हनलं. ही मावशी माझी कुनी लागत न्हाय. पर ती बोलली त्ये माझं हाय. मला बोलाया पायजे व्हतं, माझ्यानं झालं न्हाय. पोरगी नोकरी सोडनार न्हाय. सोयरीक ऱ्हाऊ द्या न्हायतर मोडा. लेक माझी लई ॲडजस्ट झाली माझ्या घरात. तेवढं बास झालं."

भावकीनं माना खाली घातल्या. हिंमतरावांच्या तोंडून 'न्हाय' ऐकायची त्यांना सवय नव्हती.

बलभीमरावांनी पंधरा माणसांवरून सावकाश नजर फिरवली. मग हिंमतरावांकडं बघितलं, मग पुन्हा पंधरा माणसांकडं. आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"तात्या," ते म्हणाले, "ह्यो मानूस कुनाला न्हाय म्हनत न्हाय वाटतं?"

"जल्मात न्हाय," तात्यांनी सांगून टाकलं. "शेळीलाबी न्हाय म्हनला न्हाय."

"मग आज म्हनतोय म्हंजी पोरीपायी त्येचा जीव किती तुटत आसंल," बलभीमराव म्हणाले. त्यांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं शिवराजकडं बघितलं, उसासा टाकला आणि गूळ आणायला आत गेली. नागूबाईच्या ओटीत खण पडला. खोटी असली तरी आत्या तीच राहिली, आणि लग्नाला यायचं आवतण तिला त्याच ओसरीवर मिळालं.

महारुद्र चाकं घेऊन आला तोवर उन्हं उतरली होती. मंडळी भराभर जीपमध्ये चढली. आधी सोनारी, मग गाव असं ठरलं. बलभीमरावांचे दोन भाऊही सोनारीपर्यंत निघाले. हिंमतराव सगळ्यांना रामराम करून जीपपाशी आले तर आत फक्त गिअरचा दांडा रिकामा होता. नागूबाई या वेळी तात्यांच्या जागेवर मांडी घालून बसली होती. शेळीलाही शीट मिळाली होती.

महारुद्र म्हणाला, "अण्णा, जरा ॲडजस्ट करा."

हिंमतराव ताठ झाले. दिवसभरात त्यांना या गोष्टीची गोडी लागली होती. "न्हाय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "म्या ॲडजस्ट करनार न्हाय."

"बरं," म्हणून महारुद्रानं जीप काढली.

धुरळा खाली बसल्यावर हिंमतराव चालत गावाबाहेरच्या फाट्यावर आले आणि एसटीची वाट बघत एकटेच उभे राहिले. खिशातला फोन वाजला.

"अण्णा, चिठ्ठी वाचली का?"

"चिठ्ठी शेळीनं खाल्ली."

"मग?"

"मग तोंडानं म्हनलो. नोकरी ऱ्हानार. बलभीमरावांनी गूळ वाटला."

"तो शब्द?"

"न्हाय गं. सरळ न्हाय म्हनलो, दोनदा."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "आईला देते," वैष्णवी म्हणाली.

सारजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "लई बेस केलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजही जरा ओला होता. "पुन्यांदा तिकडं जाताना म्या पुढं बसनार, सांगून ठिवते. तुमी कवा येताय?"

"आलोच," हिंमतराव म्हणाले.

भूमची एसटी आली ती तासाभरानं. दारापर्यंत माणसं लोंबकळत होती. कंडक्टरनं आतून मान बाहेर काढून हिंमतरावांना वर-खाली बघितलं.

"मामा, जागा न्हाय. ॲडजस्ट करत असाल तर या."

हिंमतरावांनी रस्त्याच्या एका टोकाला बघितलं, दुसऱ्या टोकाला बघितलं. दोन्हीकडं चिटपाखरू नव्हतं. फाट्यावर ओळखीचं कुणी नाही, याची त्यांनी नीट खात्री करून घेतली.

"व्हय," ते हळूच म्हणाले, आणि पोट आत घेऊन वर चढले.